ओव्हरशू: इरलं हवं की घोंगडी?

मागच्या व्याख्यानात आपण रात्रीच्या दिव्यांबद्दल बोललो. शेवटच्या पंधरा मिनिटांत जे प्रश्न आले त्यातले निम्मे पायांबद्दल होते, म्हणून आजचा पूर्ण वेळ पायांना.

इथे बसलेल्यांपैकी काही जण २०२७च्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसची तयारी करतायत, हे मला माहीत आहे. १२०० किलोमीटर, जास्तीत जास्त ९० तास. ऑगस्ट म्हणजे तिकडचा उन्हाळा, असं म्हणून आपण निघतो. पण नॉर्मंडी आणि ब्रिटनीच्या उघड्या माळावर पहाटे पारा एक आकडी होऊ शकतो. २००७ साली पावसानं स्वारांना झोडपून काढलं होतं, २०१९ साली रात्रीच्या गारठ्यानं. आपल्या सिंहगडावरच्या थंडीत आणि त्या थंडीत फरक हा, की तिथं तुम्ही ओले असता, थकलेले असता आणि अजून चारशे किलोमीटर जायचं असतं.

पाय गार पडले तर बिघडलं काय, असं कुणी विचारेल. नुसती गैरसोय असती तर मी तास घालवला नसता. बधिर पावलाला पेडलमधून बूट सुटला की नाही ते कळत नाही. सिग्नलला थांबताना पाय टेकायला जावं आणि तो अडकलेलाच असावा, म्हणजे तुम्ही सरळ कुशीवर. दुसरं, पावलं तासन्‌तास ओली आणि गार राहिली तर नसांना इजा होते, आणि त्यासाठी पारा शून्याखाली जावा लागत नाही. पहिल्या महायुद्धात खंदकांत उभ्या असलेल्या हजारो सैनिकांचे पाय असेच गेले. बर्फात गोठून नव्हे, चिखलपाण्यात भिजून. एका रात्रीच्या सायकलस्वारीत इतकं होत नाही, पण बोटांची मुंग्या येणारी बधिरता आठवडाभर टिकलेली माणसं या सभागृहातही असतील.

आता मुळात सायकलस्वाराचेच पाय इतके गार का पडतात? त्याच हवेत चालणाऱ्या माणसाचे तर पडत नाहीत. चालताना पाऊल वाकतं, बोटं हलतात, पोटरी आणि पावलाचे स्नायू रक्त खेळतं ठेवतात. सायकलवर मांडी राबते, पण पाऊल कडक तळव्याच्या बुटात आवळून ठेवलेलं असतं, जवळजवळ निश्चल. वर ताशी २५ किलोमीटरचा वारा आपण स्वतःच तयार करतो. बुटाला उन्हाळ्यासाठी जाळी आणि भोकं ठेवलेली असतात, आणि तळाला धातूचे स्क्रू, जे थंडी थेट चवड्याखाली आणून पोचवतात. शिवाय छाती-पोट गार व्हायला लागलं की शरीर आधी हातापायांचा रक्तपुरवठा कमी करतं. घरात पैशाची तंगी आली की आधी बाहेरचं खाणं बंद होतं, तसं. त्यामुळे अंगात पातळ जॅकेट आणि पायात सगळ्यात महाग ओव्हरशू, हा हिशेब चुकीचा आहे. आधी धड गरम ठेवा.

त्यात पाणी आलं की गणित आणखी बिघडतं. पाणी हवेच्या सुमारे २४ पट जास्त उष्णता वाहून नेतं. आणि वाऱ्यानं ते सुकायला लागलं, की एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला ५८० कॅलरीच्या आसपास उष्णता लागते, तीही तुमच्या पावलातून. म्हणून ओल्या पायाला वारा लागू न देणं हे ओव्हरशूचं पहिलं काम. पाणी अडवणं दुसरं. बाजारात हा क्रम नेमका उलटा सांगितला जातो.

पाणी येतं कुठून ते बघू. पाऊस वरून पडतो खरा, पण बुटात जास्त पाणी घालतं ते पुढचं चाक. रस्त्यावरचं पाणी उचलून ते सरळ पावलांवर आणि तळव्याच्या भोकांतून आत मारतं. तिसरी वाट सगळ्यात लबाड आहे: पाय भिजतो, पाणी पोटरीवरून ओघळत मोज्यात उतरतं आणि तिथून बुटात. हे पाणी कुठलाच ओव्हरशू पूर्ण अडवू शकत नाही, कारण पाय आत घालायला वरचं तोंड उघडं ठेवावंच लागतं. लांब टाइट्स असतील तर त्यांची कड ओव्हरशूच्या वरून घ्या, आत खोचू नका. घराच्या पत्र्याची वळचण भिंतीच्या बाहेर असते ना, अगदी तसंच.

म्हणजे तासाभराच्या पावसात पाय कोरडे राहू शकतात, चार तासांच्या पावसात नाही. ‘शंभर टक्के वॉटरप्रूफ’ हे शब्द कापडाबद्दल खरे असतील, तुमच्या पायाबद्दल नाहीत. हे एकदा मान्य केलं की निवड सोपी होते.

आपल्याकडे पावसाला दोन जुनी उत्तरं आहेत. लावणीच्या वेळी बायका इरलं घेतात. ते पाणी वरच्यावर झटकतं आणि खाली हवा खेळती ठेवतं. धनगर घोंगडी घेतो. घोंगडी भिजते, जड होते, पण लोकर भिजूनही ऊब सोडत नाही आणि वारा आत येऊ देत नाही. ओव्हरशूही याच दोन जातींचे असतात.

इरल्याच्या जातीचे म्हणजे पातळ कापडाचे: एक तर पॉलीयुरेथेनचा थर दिलेलं, नाहीतर गोर-टेक्ससारखा पडदा असलेलं. हे पाणी बाहेर ठेवतात, पडद्याचे असतील तर घामाची वाफ थोडीफार बाहेर जाऊ देतात, घडी करून खिशात मावतात. पण ऊब अशी फार नाही, आणि एकदा वरून पाणी शिरलं की ते आतच राहतं. पाऊस येऊन-जाऊन, हवा दहा-बारा अंशांच्या वर, प्रवास दोन-तीन तासांचा, अशा वेळी हे उत्तम.

घोंगडीच्या जातीचे म्हणजे निओप्रीनचे. हे कृत्रिम रबर ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत १९३० साली तयार झालं. पाणबुडे वापरतात त्या सूटसाठी त्याचा फेस करतात, म्हणजे रबरात वायूचे असंख्य बंद बुडबुडे. हे बुडबुडे एकमेकांना जोडलेले नसल्यामुळे पाणी आरपार जात नाही, आणि अडकलेला वायू उष्णता धरून ठेवतो. पाणी आत आलंच तर थोडंसं येतं आणि शरीराच्या उष्णतेनं कोमट होऊन तिथंच बसतं. तुम्ही ओलेच असता, पण ऊबदार ओले. यात घाम येतो, बाहेर जात नाही, चार तासांनी मोजे पिळून काढावे लागतात. लोक याला दोष म्हणतात. लांब पल्ल्याच्या थंड पावसात मी तरी याला दोष म्हणणार नाही.

याचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे, पायांचं नाही, हातांचं. ५ जून १९८८, इटलीतली जिरो शर्यत, गाविया घाट, २६०० मीटरच्या वर, आणि जूनमध्ये बर्फ. अमेरिकेच्या अँडी हॅम्पस्टनच्या संघानं हवामान पाहून आधीच स्कीइंगचे कपडे विकत आणले होते आणि त्याच्या हातात निओप्रीनचे हातमोजे होते. त्या दिवशी टप्पा जिंकला एरिक ब्रॉयकिंकनं, पण गुलाबी जर्सी आली हॅम्पस्टनकडे, आणि शेवटी शर्यतही त्यानंच जिंकली. उतारावर बाकीच्यांना ब्रेक दाबता येईनात, गिअर बदलता येईनात. चढ सगळेच चढले होते.

मग कधी काय? माझा ठोकताळा सांगतो, तुमच्या पायांप्रमाणे दोन-तीन अंश इकडेतिकडे करा. पंधरा अंशांच्या वर काहीच नको. दहा ते पंधरा कोरडं असेल तर फक्त चवडा झाकणारी टोपी पुरते, पाऊस असेल तर पातळ ओव्हरशू. पाच ते दहा आणि पाऊस म्हणजे तीन मिलिमीटरचं निओप्रीन. पाचच्या खाली जाड निओप्रीन, आणि रोजच जायचं असेल, म्हणजे तुमची मुलं-सुना लंडनला किंवा ॲमस्टरडॅमला सायकलनं ऑफिसला जात असतील, तर सरळ हिवाळी सायकल-बूट घ्यायला सांगा. दर हिवाळ्यात एक जोडी ओव्हरशू फाडण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

दुकानात गेलात तर वरचा चकचकीत भाग नंतर बघा, आधी उलटा करून तळ बघा. ओव्हरशू मरतो तो तिथं. क्लीटसाठी एक भोक आणि टाचेसाठी एक, एवढंच उघडं असावं. त्यांच्या कडांना जाड, खरखरीत मजबुती हवी, कारण कंट्रोल पॉइंटवर आपण चालतो, चहाला जातो, जिने चढतो. एसपीडी क्लीटचे, जाड खाचांच्या तळाचे बूट असतील तर रस्त्याच्या बुटांसाठी कापलेला ओव्हरशू त्यावर नीट बसत नाही, चवड्यावरून सटकतो. आणि साध्या पेडलवर साध्या बुटांनी चालवत असाल तर पूर्ण तळ असलेला घ्या, भोकं हवीतच कशाला?

चेन बहुतेक मागे, टाचेवर असते. तिच्या आत कापडाची पट्टी आहे का बघा, नसेल तर मागच्या चाकाचं पाणी तिथून येतं. ओढायची दोरी मोठी असावी. पहाटे चार वाजता सुन्न बोटांनी ती सापडली पाहिजे.

मापाबद्दल मात्र हट्ट धरा. स्वतःचे बूट घेऊन जा, त्यावर चढवून बघा, कंपन्यांच्या मापांत मेळ नसतो. बुटावर आवळायची गोल चकती असेल तर जागा जास्त लागते. सैल ओव्हरशूमध्ये वारा भरतो, पण घट्ट त्याहून वाईट, कारण तो बुटासकट पाऊल दाबतो आणि दाबलेल्या पावलात रक्त पोचत नाही. जाड मोज्यांचंही तेच. दोन मोज्यांवर दोन मोजे चढवून बूट कसाबसा बंद करणारे लोक मी दर वर्षी बघतो. एकच मेरिनो लोकरीचा मोजा, आणि बोटं हलवायला जागा.

रंगाचं एका वाक्यात: घोट्यावर परावर्तक पट्टी असलेला घ्या. वर-खाली होणारी पट्टी दिसली की मागच्या ड्रायव्हरला पुढे माणूस आहे हे लवकर ओळखू येतं, असं ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगांत दिसलेलं आहे.

आणि हे सगळं घेण्याआधी मडगार्ड. पुढच्या चाकाला लांब मडगार्ड आणि त्याच्या टोकाला जवळजवळ रस्त्यापर्यंत लोंबणारा रबराचा तुकडा. पायांवरचा निम्मा मारा तिथंच थांबतो. दिसायला वाईट दिसतं, हे मान्य.

आता इथलं. ताम्हिणीत जुलैमध्ये चालवायला ओव्हरशू लागतो का? माझ्या मते नाही. आपला पाऊस कोमट आहे, धो-धो आहे, पाणी अडवण्यात अर्थ नाही, ते बाहेर जाऊ द्यावं. क्लीट बसणाऱ्या सँडल इथं राजा आहेत. महाबळेश्वरला थोडं गार वाटेल, तिथं लोकरीचा मोजा घाला. निफाडकडे डिसेंबर-जानेवारीत पारा पाचच्या खाली जातो, पण ती कोरडी थंडी आहे, चवड्याची टोपी घाला आणि निघा.

एक प्रश्न आलाय: ‘एवढे पैसे खर्च न करता काही जमेल का?’ जमेल. दुधाची एक लिटरची जाड पिशवी धुऊन, मोज्याच्या वर आणि बुटाच्या आत, बोटांवर चढवायची. वारा थांबतो. बुटाच्या जाळीवर आतून चिकटपट्टी लावा, आतल्या तळव्याखाली क्लीटच्या स्क्रूंवरही लावा. पाय घामानं ओला होईल, पण रात्र निघेल. एवढं मात्र घरी, कोरड्या रस्त्यावर, आधी करून बघा, कारण पिशवीमुळे बूट घट्ट होत असेल तर फायदा उलटा होतो.

दुसरा प्रश्न, सुकवण्याचा. निओप्रीन गार पाण्यात खळबळून, उलटं करून, सावलीत टांगायचं. हीटरवर किंवा उन्हात ठेवलं तर ते कडक होऊन चिरतं. छोटं भोक पडलं तर पाणबुड्यांच्या सूटसाठी मिळतो तो डिंक लावा, तेवढ्यासाठी जोडी टाकून देऊ नका. आणि बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा. तासाभरानं ते बदला, मग झोपा.