कानातले आणि कानाबाहेरचे

मराठी माणसाच्या कानाने आजवर पुष्कळ दागिने पेलले. पाळीला कुडी, वरच्या कडेला बुगडी, कुडीचा भार केसांत अडकवून धरणारा मोत्यांचा वेल, आणि पुरुषांच्या वाट्याला आलेली भिकबाळी. गेल्या आठ-दहा वर्षांत या मालिकेत एका नव्या दागिन्याची भर पडली आहे. तो सोन्याचा नाही, प्लॅस्टिकचा आहे. तो गातो, बोलतो, आणि डबीत ठेवून त्याला नेमाने विजेचा घास भरवावा लागतो. बाजारात त्याला इअरबड्स म्हणतात, आमचे विद्यार्थी नुसतेच ‘बड्स’ म्हणतात. “सर, याला मराठी शब्द काय?” असे वर्गात कोणी विचारले, की मी सांगतो, “शब्द केव्हाचा तयार आहे. कानातले!”

पहाटे निगडीच्या दुर्गा टेकडीवर किंवा प्राधिकरणातल्या रस्त्यांवर चक्कर मारावी, म्हणजे या कानातल्यांचा प्रसार डोळ्यांना दिसतो. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ निघाले, आणि बघता बघता कारखान्यांची रांग चाकणपर्यंत जाऊन भिडली. ज्या गावाला एकेकाळी भोंगा उठवीत असे, ते आता मनगटावरच्या घड्याळाच्या थरथरीने उठते आणि कानात काहीतरी घालून धावू लागते. दिवाळीचा बोनस हातात पडला, की घरोघरी ज्या वस्तूंची यादी होते, तीत हे कानातले हटकून असते. तेव्हा ते निवडावे कसे, याचा चार घटका विचार करायला हाच मुहूर्त बरा.

डेन्मार्कचा राजा आणि चाकणचा धावपटू

या यंत्रात तार नसते. मग गाणे खिशातल्या फोनमधून कानात जाते कसे? त्यासाठी जी रेडिओलहरींची व्यवस्था आहे, तिला ब्लूटूथ म्हणतात. हे नाव दहाव्या शतकातल्या हॅराल्ड नावाच्या डॅनिश राजाच्या टोपणनावावरून घेतले आहे. या कामाचा आरंभ १९९४ मध्ये स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत झाला, आणि १९९८ मध्ये अनेक कंपन्यांनी एकत्र येऊन त्यासाठी संघ स्थापला. विखुरलेल्या टोळ्या एकत्र आणणारा राजा म्हणून हॅराल्डची ख्याती. निरनिराळी यंत्रे एकत्र आणणारे तंत्र म्हणून त्याचे नाव याला. पुढे २०१६ मध्ये ॲपलचे एअरपॉड्स आले, आणि दोन कानांत दोन सुटे मणी घालण्याची चाल जगभर पसरली.

या लहरींना एक खोड आहे. त्या पाण्यातून नीट जात नाहीत, आणि माणसाचे शरीर म्हणजे मोठ्या अंशी पाणीच. घरात भिंतींवर आपटून लहरी कशाबशा कानापर्यंत पोचतात. मोकळ्या मैदानात तीही सोय नसते. फोन मागच्या खिशात ठेवून धावणाऱ्याचे गाणे अधूनमधून तुटते, ते यामुळे. दोष दर वेळी यंत्राचाच असतो असे नाही. फोन दंडाला किंवा पुढे कमरेला बांधून पाहावा. पुष्कळ तक्रारी तिथेच मिटतात.

कुडी, वेल की बुगडी?

धावणाऱ्याची पहिली अडचण म्हणजे दागिना पडण्याची. आपल्या जुन्या सोनारांनी ती केव्हाच सोडवली होती, आणि नव्या कारखानदारांनी नकळत त्यांचीच वाट धरली आहे.

पहिला प्रकार कुडीसारखा: रबरी बोंड्याचा, कानाच्या भोकात घट्ट बसणारा. डबीबरोबर लहान, मध्यम, मोठी अशी बोंडी येतात. ती सगळी लावून पाहावीत. कित्येकांचे दोन कान एका मापाचे नसतात, त्यामुळे डाव्याला एक आणि उजव्याला दुसरे बोंडे लागले तर नवल मानू नये. दुसरा प्रकार वेलासारखा: कानामागून फिरणारी लवचिक आकडी भार पेलते. दोरीवरच्या उड्या, बर्पी असल्या दणक्याच्या व्यायामाला हा उत्तम. तिसरा बुगडीसारखा: कानाच्या कडेला चिमटा बसतो आणि भोक मोकळे राहते. चौथा प्रकार मात्र कोणत्याच दागिन्याच्या जातीचा नाही. तो कानासमोरच्या हाडावर टेकतो आणि हाडाच्या कंपनातून आवाज आत पोचवतो. यातही कान उघडा राहतो.

घट्ट बसते की नाही, याची परीक्षा फराळाच्या ताटावर घ्यावी. कानात बड्स घालून एक कडक चकली खा. जबडा हलला की कानाच्या नळीचा आकार बदलतो. चकली संपेपर्यंत जे सैल झाले, ते टेकडीच्या पहिल्या चढावर पडणार हे धरून चाला.

आणखी एक प्रयोग फुकट करता येतो. दोन्ही कानांत बोटे घालून खोलीत चार पावले जोरात टाका. पाऊल पडेल तसा डोक्यात ‘धप्प, धप्प’ घुमेल. घट्ट बोंड्याच्या बड्समध्येही हेच होते, कारण हाडांतून आलेला आवाज बाहेर पडायला वाट उरत नाही. कोणाला त्याची सवय होते, कोणाला पाच किलोमीटरमध्ये वीट येतो. दुकानात उभ्याउभ्या गाणे ऐकून हे कळत नाही. जागच्या जागी उड्या मारायला लाजू नये.

घाम, धूळ आणि अक्षरांचे कोडे

डबीवर ‘आयपीएक्स-४’ अशी अक्षरे असतात. ती कुठल्याशा पदवीसारखी दिसतात, पण अर्थ सोपा आहे. पहिली जागा धुळीची आणि दुसरी पाण्याची. पहिल्या जागी ‘एक्स’ असेल, तर धुळीबद्दल काहीच सांगितलेले नाही असे समजावे. पाण्याच्या जागी ४ म्हणजे चहूकडून उडणाऱ्या शिंतोड्यांना टिकेल, ५ म्हणजे बारीक धारेला टिकेल, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाले तरी चालेल. घामासाठी ४ पुरे. आपल्या भागातले बांधकाम आणि रस्ते पाहता धुळीचाही आकडा असलेले, जसे ‘आयपी-५५’, मिळाले तर अधिक चांगले.

मात्र या परीक्षा साध्या पाण्याने घेतात, आणि घाम खारट असतो. व्यायामानंतर ओले बड्स तसेच डबीत टाकले, की विजेचे टाके गंजू लागतात. कोरड्या फडक्याने पुसून, चार मिनिटे वाऱ्यावर ठेवून मग डबी मिटावी. ‘चाळीस तास चालते’ ही जाहिरातही नीट वाचावी. त्यात बहुधा डबीतून पुन:पुन्हा भरलेल्या विजेचे तासही धरलेले असतात. रोज तासभर धावणाऱ्याला सलग पाच-सहा तास म्हणजे चंगळ आहे.

मागून काय येते आहे?

इथवरचा विचार मुंबईच्या किंवा नागपूरच्या वाचकालाही लागू आहे. आता आपल्या रस्त्यांकडे वळू. तळेगाव-चाकण रस्त्यावर, नाशिक महामार्गावर, भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत पहाटेसुद्धा कंटेनर आणि ट्रेलर चालू असतात. अशा ठिकाणी धावणाऱ्याला मागे डोळे नसतात. त्याचे मागचे डोळे म्हणजे कान.

सध्या बाहेरचा आवाज गिळून टाकणाऱ्या बड्सची मोठी वाहवा आहे. ही कल्पना अमर बोस यांना १९७८ मध्ये विमानप्रवासात सुचली. बाहेरून येणाऱ्या लहरीच्या नेमकी उलटी लहर सोडून दोघींचा निकाल लावायचा, असे ते तंत्र आहे. विमानाची, बसची, पंख्याची संथ घरघर त्याने छान मिटते. पण मागून येणाऱ्या ट्रेलरची घरघरही त्याच जातीची! जे विमानात वरदान, ते चाकण चौकात संकट. ‘बाहेरचे ऐकू द्या’ अशी कळ काही बड्सना असते, पण वाऱ्यात तिचा खरखराट होतो आणि कानातले बोंडे जागचे हलत नाही ते नाहीच.

शिवाय वाहनेही आता मुकी होऊ लागली आहेत. आकुर्डीची जुनी चेतक गल्लीच्या तोंडाशी आली की घरात कळत असे. त्याच आकुर्डीत २०२२ मध्ये विजेवरच्या चेतकचा कारखाना सुरू झाला, आणि ही चेतक पाठीशी येऊन उभी राहिली तरी पत्ता लागत नाही. पीएमपीएमएलच्या विजेवरच्या बसगाड्या तर २०१९ पासून धावत आहेत.

यावर पुष्कळ जण तोड काढतात, ती एकाच कानात बड घालण्याची. ती अर्धीच तोड आहे. आवाज कोणत्या बाजूने आला हे मेंदू दोन कानांच्या तुलनेवरून ठरवतो. एका कानाला तो दुसऱ्यापेक्षा किंचित आधी पोचतो, आणि हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. एक कान बुजला, की हॉर्न ऐकू येतो पण डावीकडे सरावे की उजवीकडे ते कळत नाही.

तेव्हा रस्त्यावर धावणाऱ्याने बुगडीचा किंवा हाडावर टेकणारा प्रकार घ्यावा. व्यायामशाळेत ट्रेडमिलवर धावणाऱ्याने खुशाल कुडीचा घ्यावा. तिथे ट्रेलर येत नाही, आणि व्यायामशाळेतला दणदणाट बाहेर राहिल्यामुळे स्वत:चे गाणे हळू ठेवता येते. उघड्या कानाच्या बड्सचे नेमके उलटे होते. रहदारी वाढली की हात आपोआप आवाज वाढवतो. असा मोह होईल तो रस्ता गाण्याचा नव्हे असे समजून बड्स खिशात टाकावेत.

कानाचे खाते

आमच्या शेजारचा एक तरुण चाकणच्या एका कारखान्यात प्रेस शॉपमध्ये आहे. तिसरी पाळी संपवून तो येतो, अंग मोकळे करायला टेकडीवर धावतो, मग झोपतो. बोनसमधून बड्स घ्यायचे ठरल्यावर तो सल्ल्याला आला. त्याच्याबरोबर त्याची आईही आली. “सर, याला जरा समजावा. टीव्ही इतका मोठा लावतो, आणि मी काही म्हटले की ‘काय?’ म्हणतो.” तो हसून म्हणाला, “कामावर इअर प्लग असतात, सर. ते काढले की बड्स घालतो. कान मोकळा कधी नसतोच.” कंपनीच्या वार्षिक तपासणीत त्याच्या कानांचा आलेख वरच्या पट्टीत थोडा खाली घसरलेला निघाला होता. तो कागद त्याने घडी घालून पाकिटात ठेवला होता.

हा कागद सगळ्या डब्यांवरच्या आकड्यांपेक्षा महत्त्वाचा आहे. आपल्या अंतर्कर्णात केसासारखे अंकुर असलेल्या सुमारे १५,००० पेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या झिजतात, आणि एकदा गेलेल्या पेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. मोठ्या आवाजाचा पहिला घाव पडतो तो ४,००० हर्ट्झच्या आसपास. मराठीच्या अध्यापकाला याचा अर्थ चटकन कळतो. अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीचे आणि दणकट असतात. स, श, त, फ यांचा बारीक अंश वरच्या पट्टीत असतो. म्हणून असा माणूस बहिरा होत नाही. त्याला आईचा आवाज येतो, शब्द येत नाही. स्वर शाबूत राहतात, व्यंजने गळतात.

जागतिक आरोग्य संघटनेने करमणुकीच्या श्रवणासाठी प्रौढांना आठवड्याला ८० डेसिबलचे ४० तास अशी मर्यादा सांगितली आहे. दर ३ डेसिबल वाढीला हे तास निम्मे होतात. ८३ ला २०, ८६ ला १०, आणि ९० ला उरतात अवघे ४. उलट कारखान्यांसाठी आपल्याकडे ८ तासांना ९० डेसिबल ही मर्यादा धरली गेली, आणि आवाजाने येणाऱ्या बहिरेपणाची गणना १९४८ च्या कारखाने कायद्याच्या परिशिष्टातल्या व्यवसायजन्य रोगांत झाली. कानाला मात्र कारखाना आणि करमणूक यांतला भेद कळत नाही. दोन्हीकडचा आवाज तो एकाच खात्यात मांडतो. पाळीवर ज्याचे खाते आधीच भरत आले आहे, त्याने गाण्यासाठी त्यातून किती उचलायचे, हा खरा प्रश्न आहे. हाडावर टेकणारे बड्स घेतले म्हणजे कान वाचला, ही समजूतही खोटी आहे. वाट निराळी असली तरी आवाज शेवटी त्याच पेशींपाशी जातो.

त्या तरुणाला मी सांगितले ते असे. कानाच्या डॉक्टरांकडे आलेख पुन्हा काढून घे. पाळीवरचे प्लग सोडू नकोस. पाळी संपल्यावर कानांना विसावा दे आणि टेकडीवर मोकळ्या कानाने धाव. बड्स घ्यायचेच तर उघड्या कानाचे घे आणि सुट्टीच्या दिवशी वाप���. फोनमध्ये आवाजाची कमाल मर्यादा बांधता येते, ती साठ टक्क्यांच्या खाली बांधून ठेव.

तो जरा हिरमुसला. आईने मात्र, “आता ऐकलंस ना?” असे विचारले, आणि या वेळी त्याने ‘काय?’ म्हटले नाही.

वाचकहो, बोनस तुमचा आहे आणि कानही तुमचेच. किंमत, रंग, डबीवरचे तास हे सगळे पाहा. पण दुकानात दागिना कानात घातल्यावर गाणे सुरू करण्यापूर्वी क्षणभर थांबा आणि बरोबर आलेल्या माणसाला मागे उभे राहून हळूच हाक मारायला सांगा. ती हाक स्पष्ट ऐकू आली, तर तो रस्त्यावर घालायच्या लायकीचा.