तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र व अर्थशास्त्र यांचा एकत्र अभ्यास : भंडारा जिल्ह्यातील तलावांच्या निमित्ताने

१

पदवीपरीक्षेसाठी तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र हे तीन विषय एकाच अभ्यासक्रमात गोवून शिकविण्याची पद्धत ऑक्सफर्ड विद्यापीठात १९२० साली सुरू झाली. तत्पूर्वी सार्वजनिक जीवनात शिरू पाहणारा तेथील विद्यार्थी बहुधा ग्रीक व लॅटिन ग्रंथांच्या आधारे प्राचीन तत्त्वज्ञान आणि प्राचीन इतिहास यांचा अभ्यास करीत असे. या जुन्या अभ्यासक्रमास 'ग्रेट्स' असे नाव होते. ग्रीक आणि रोमन समाजाचा विचार, त्याची राज्यव्यवस्था व त्याचा व्यवहार हे सारे ज्याप्रमाणे एकत्र पाहिले जाई, त्याचप्रमाणे वर्तमान समाजही एकत्र पाहावा, ही नव्या अभ्यासक्रमामागील भूमिका होती. म्हणूनच त्यास 'मॉडर्न ग्रेट्स' असे म्हणण्यात येऊ लागले. पुढे अनेक देशांतील विद्यापीठांनी हा कित्ता गिरविला.

आपल्याकडील स्थिती वरवर पाहता फारशी वेगळी नाही. भंडारा जिल्ह्यातील महाविद्यालये १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाशी संलग्न आहेत. भाषाविषयांच्या जोडीला तीन ऐच्छिक विषय घेऊन बी. ए. होण्याची रीत या विद्यापीठात दीर्घकाळ चालत आली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नंतर प्रधान व गौण विषयांची रचना आली, तरी अनेक विषय जोडीने घेण्याची कल्पना तीतही आहेच. तथापि तीन विषय वेळापत्रकात शेजारी शेजारी बसविणे निराळे आणि ते एकत्र शिकणे निराळे. पहिल्या प्रकारात विद्यार्थी तीन परीक्षा उत्तीर्ण होतो. दुसऱ्या प्रकारात तो एकाच प्रश्नाकडे तीन अंगांनी पाहावयास शिकतो. हा भेद नेमका कशात आहे, हे प्रस्तुत लेखात भंडारा जिल्ह्यातीलच एका प्रश्नाच्या साहाय्याने स्पष्ट करावयाचे आहे.

२

हा वाद वस्तुतः फार जुना आहे. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'च्या आरंभीच विद्या किती, हा प्रश्न उपस्थित केलेला आढळतो. औशनसांच्या मते दंडनीती ही एकच विद्या होय. बार्हस्पत्य वार्ता आणि दंडनीती अशा दोन विद्या मानतात. मानव त्यांत त्रयीची भर घालून तीन मानतात. कौटिल्य मात्र आन्वीक्षिकी, त्रयी, वार्ता आणि दंडनीती अशा चार विद्या सांगतो. त्रयी म्हणजे वेदविद्या. ती येथे बाजूस ठेवली, तर उरलेल्या तीन विद्यांचे आजच्या विषयांशी असलेले साम्य सहज ध्यानात येते. आन्वीक्षिकी म्हणजे तर्काने चालणारे तत्त्वचिंतन, वार्ता म्हणजे शेती, पशुपालन व व्यापार यांचे शास्त्र आणि दंडनीती म्हणजे राज्यकारभाराची विद्या. आन्वीक्षिकीस तो इतर सर्व विद्यांचा दीप मानतो. धर्म आणि अधर्म त्रयीत, अर्थ आणि अनर्थ वार्तेत, नय आणि अपनय दंडनीतीत. परंतु या तिन्हींचे बलाबल तपासावयाचे ते आन्वीक्षिकीने, असा त्याचा अभिप्राय आहे. म्हणजे तत्त्वज्ञान हा केवळ आणखी एक विषय नसून इतर विषयांतील निष्कर्ष एकमेकांसमोर ठेवून पारखण्याची ती रीत आहे.

त्याच ग्रंथात तलावांविषयीही नियम आहेत. नवा तलाव वा बंधारा बांधणाऱ्यास पाच वर्षे आणि मोडलेला दुरुस्त करणाऱ्यास चार वर्षे करमाफी द्यावी, असे तेथे सांगितले आहे. पाणी, कर आणि राजसत्ता यांचा विचार एकाच नियमात कसा होतो, याचे हे उत्तम उदाहरण होय. आणि तलावांच्या जिल्ह्यातील वाचकास ते विशेष जवळचे वाटावे.

३

भंडारा आणि १९९९ साली त्यातून वेगळा झालेला गोंदिया या दोन्ही जिल्ह्यांत तलाव व बोड्या यांची संख्या मोठी आहे. त्यांपैकी पुष्कळ तलाव गोंड राजवटीच्या काळात कोहळी समाजातील लोकांनी बांधले. धानाच्या शेतीस पावसाची उघडीप सोसत नाही. अशा वेळी तलावाचे पाणी पीक तारते. गावकरी हे तलाव 'मामा तलाव' या नावाने ओळखतात. नात्याचा शब्द वाटावा असे हे नाव 'माजी मालगुजारी' या दोन शब्दांच्या आद्याक्षरांचे आहे.

'मालगुजार' या शब्दाचा इतिहासही उद्बोधक आहे. 'माल' म्हणजे सरकारी महसूल आणि 'गुजार' म्हणजे तो पोचता करणारा. म्हणजे मुळात हा शब्द मालकाचा वाचक नसून वसूल भरणाऱ्याचा आहे. मध्य प्रांतात १८६० नंतरच्या दशकातील जमाबंदीत ब्रिटिश सरकारने मालगुजारांना जमिनीचे स्वामित्व दिले आणि भरणा करणारा मालक ठरला. पुढे मध्य प्रदेश शासनाच्या १९५० च्या कायद्याने हे स्वामित्व संपुष्टात आले आणि तलाव शासनाकडे गेले. १९५६ साली जिल्हा द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्रात आला. १९६२ साली जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर लहान तलाव त्यांच्याकडे आणि मोठे पाटबंधारे खात्याकडे, अशी विभागणी झाली. मात्र गावकऱ्यांचे 'निस्तार' हक्क, म्हणजे गुरांना पाणी, घरगुती वापर, सरपण, चराई यांसारख्या रूढीने चालत आलेल्या वहिवाटी, या सर्व स्थित्यंतरांतून लोकांच्या स्मृतीत आणि काही अंशी दप्तरातही टिकून राहिल्या.

४

आता या तलावातील पाण्याविषयी एक साधा प्रश्न घ्यावा : उन्हाळ्याच्या तोंडी तलावात उरलेल्या पाण्याचे काय करावे? अर्थशास्त्राचा विद्यार्थी उन्हाळी धानाचे उत्पन्न, मासळीचे उत्पन्न आणि गाळ काढण्याचा खर्च यांची तुलना करील. राज्यशास्त्राचा विद्यार्थी निर्णय कोणी घ्यावयाचा, ग्रामसभेने, पाटबंधारे खात्याने की मच्छीमार संस्थेने, हे विचारील. तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी मुळात हे पाणी कोणाचे, आणि ज्यांच्या पूर्वजांनी पाळ बांधली त्यांचा हक्क मोठा की ज्यांची आजची उपजीविका त्यावर आहे त्यांचा, असा प्रश्न करील. यांपैकी प्रत्येक उत्तर आपापल्या परीने बरोबर असूनही एकट्याने अपुरे राहते.

समजा, गावात सारख्या संख्येचे तीन गट आहेत. तलावालगतच्या शेतकऱ्यांना प्रथम शेतीला पाणी हवे. ते न जमल्यास गाळ काढावा आणि मासळीसाठी पाणी राखणे सर्वांत शेवटी. दूरच्या शेतकऱ्यांपर्यंत आज पाणी पोचत नाही. म्हणून त्यांना प्रथम गाळ काढून हवा, ते न झाल्यास विहिरींची पातळी टिकावी यासाठी पाणी राखलेले बरे आणि शेतीला सोडणे सर्वांत शेवटी. ढीवर मच्छीमारांना प्रथम पाणी राखून हवे. ते न साधल्यास शेतीला सोडले तरी तळाशी थोडे उरते, परंतु गाळासाठी तलाव रिता करणे त्यांना मुळीच मान्य नाही. आता दोन-दोन पर्यायांवर मते घेतली, तर शेतीचा पर्याय गाळाच्या पर्यायास हरवितो, गाळाचा पर्याय मासळीच्या पर्यायास हरवितो आणि मासळीचा पर्याय शेतीच्या पर्यायास हरवितो! बहुमत चक्रासारखे फिरत राहते. कोणता ठराव शेवटी मतास टाकला, यावर निकाल ठरतो. आणि तो क्रम ठरविणाऱ्याच्या हाती, कोणाच्या ध्यानात न येता, खरी सत्ता जाते.

हे चक्र फ्रेंच विचारवंत कोंदोर्से याने १७८५ साली दाखवून दिले होते. १९५१ साली केनेथ ॲरो यांनी त्यास व्यापक सिद्धान्ताचे रूप दिले आणि १९७० साली अमर्त्य सेन यांनी सामूहिक निवड व सामाजिक कल्याण यांवरील ग्रंथात त्याची नैतिक बाजू विशद केली. मताधिक्याचा हा प्रश्न राज्यशास्त्राचा, त्यास लावलेले गणित अर्थशास्त्राचे आणि त्यातून उपस्थित होणारा न्यायाचा विचार तत्त्वज्ञानाचा. सामायिक जलसाठे, कुरणे व मासेमारी यांची व्यवस्था लोक स्वतः नियम करून कशी टिकवितात, याचा अभ्यास करणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम राज्यशास्त्राच्या अभ्यासक होत्या. त्यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते मात्र अर्थशास्त्राचे.

५

एकत्र अभ्यासात मराठी विद्यार्थ्यास भाषेचे एक साहाय्य आहे आणि एक अडचणही आहे. 'अर्थ' हा एकच शब्द आशय, हेतू आणि धन या तिन्हींसाठी येतो. 'मूल्य' शब्द नीतिशास्त्रातही आहे आणि अर्थशास्त्रातही. तलावाचे मूल्य रुपयांत मांडणारा अभ्यासक आणि गावाच्या जीवनातील त्याचे मूल्य सांगणारा अभ्यासक एकच शब्द वापरतात, पण एकच गोष्ट सांगत नाहीत. उलटपक्षी, बेंथम व मिल यांच्या विचारातून आलेली एकच मूळ संकल्पना मराठीत तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात 'उपयुक्ततावाद' आणि अर्थशास्त्राच्या पुस्तकात 'उपयोगिता' अशी दोन ठिकाणी विभागली गेली. दोन्ही पुस्तके वाचणाऱ्या विद्यार्थ्यास त्यांचे नाते कोणी दाखविले नाही, तर ते दिसत नाही. 'हक्क' आणि 'अधिकार' यांचेही तसेच. शेतकरी पाण्यावरील हक्क सांगतो, अधिकारी पाणी सोडण्याचा अधिकार सांगतो. वाद पाण्याचा असला तरी तो या दोन शब्दांच्या अंतरात अडकलेला असतो. तिन्ही विषयांची परिभाषा एकमेकींशी ताडून पाहणे, हा म्हणूनच एकत्र अभ्यासाचा पहिला पाठ असावा.

६

या पद्धतीवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो : तीन विषय घेतल्याने एकही धड येत नाही. हा आक्षेप सर्वस्वी निराधार नाही. ऑक्सफर्डनेही पुढे तिघांपैकी एक विषय सोडून उरलेल्या दोहोंत खोल जाण्याची मुभा दिली. परंतु खोलीचा अभाव हा विषयांच्या संख्येपेक्षा त्यांच्या तुटकपणातून अधिक येतो.

या संदर्भात भंडारा जिल्ह्याच्या इतिहासातील एक घटना स्मरणीय आहे. १९५४ साली येथील लोकसभेच्या पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर राखीव जागेसाठी उभे होते व पराभूत झाले. सर्वसाधारण जागेवर समाजवादी नेते अशोक मेहता निवडून आले. कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता; त्याच्या जोडीने त्यांनी समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान व मानवशास्त्र यांचे अध्ययन केले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ १९२३ चा, जातिसंस्थेच्या निर्मूलनावरील निबंध १९३६ चा आणि बुद्ध व त्याच्या धम्मावरील ग्रंथ १९५७ चा. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हा त्यांचा सुप्रसिद्ध युक्तिवाद अर्थशास्त्राचा, राज्यशास्त्राचा की नीतिशास्त्राचा, हे सांगता येणार नाही. तो तिन्हींचा आहे, आणि त्याचे बळही त्यातच आहे.

यास्तव अभ्यासक्रमात मोठी उलथापालथ न करताही एक गोष्ट करता येण्यासारखी आहे. पदवीच्या अंतिम वर्षी तिन्ही विभागांच्या अध्यापकांनी मिळून एक सामायिक प्रश्नपत्रिका ठेवावी, आणि तिचा विषय जिल्ह्यातीलच एखादा खरा प्रश्न असावा. विद्यार्थ्याने एक तलाव निवडावा. त्याची जुनी कागदपत्रे, ग्रामसभेचे ठराव, पाण्याचे व मासळीचे हिशेब पाहावेत. शेतकरी व ढीवर या दोघांचेही म्हणणे ऐकावे. आणि मग पाणी कोणाचे, निर्णय कोणाचा व लाभ कोणाचा, या तीन प्रश्नांची उत्तरे एकाच निबंधात परस्परांशी जुळवून द्यावीत. ती जुळली नाहीत, तर का जुळली नाहीत, हेही लिहावे. अशा निबंधात एखाद्या शास्त्राचे ज्ञान उथळ राहिले असेल, तर ते लगेच उघडे पडेल. आणि गावाच्या हाती त्याच्या तलावाविषयीचा एक साधार लेख येईल.