जुने गोवे

जुने गोवे : (वेल्हा गोवा). पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील साम्राज्याची भूतपूर्व राजधानी व गोवा राज्यातील प्रसिद्ध ऐतिहासिक स्थळ. ते तिसवाडी तालुक्यात मांडवी नदीच्या दक्षिण तीरावर, पणजीच्या पूर्वेस सु. १० किमी. वर आहे. यूरोपीय धर्तीच्या नगराचे इतके ठळक अवशेष भारतात क्वचितच आढळतात. यूनेस्कोने १९८६ मध्ये येथील चर्च व मठ यांचा जागतिक वारशात समावेश केला.

बहमनी व नंतर आदिलशाही अंमलात हे भरभराटीचे बंदर असून घोड्यांच्या आयातीसाठी ख्यातनाम होते. आफोंसो द अल्बुकर्क याने २५ नोव्हेंबर १५१० रोजी ते जिंकले व १५३० मध्ये राजधानी कोचीनहून येथे आली. भारतातील पहिला छापखाना १५५६ मध्ये येथील सेंट पॉल महाविद्यालयात सुरू झाला. महाविद्यालयाची आता केवळ कमान उरली आहे. इन्क्विझिशन हे धर्मन्यायालय १५६० मध्ये येथेच स्थापन झाले व १८१२ मध्ये कायमचे बंद झाले. त्याची वास्तू मात्र शिल्लक नाही.

सतराव्या शतकापासून साथीच्या रोगांमुळे व व्यापाराच्या ऱ्हासामुळे वस्ती ओसरू लागली. छत्रपती संभाजी महाराजांनी १६८३ मध्ये लगतचे जुवे बेट घेतले, तेव्हा शहर मोठ्या संकटात सापडले होते. १८३४ मध्ये धर्मसंघ बरखास्त झाल्यावर मठ ओस पडले, अनेक वास्तू पाडल्या गेल्या आणि १८४३ मध्ये पणजी ही अधिकृत राजधानी झाली. ज्या वास्तूंत उपासना चालू राहिली, त्याच बहुतांशी टिकल्या.

नदीकडून प्रवेश करताना प्रथम व्हाइसरॉयची कमान लागते. फ्रांसिश्कु द गामा याने पणजोबा वास्को द गामा याच्या स्मरणार्थ ती उभारली. ढासळल्यानंतर १९५४ मध्ये तिची पुनर्बांधणी झाली. जवळच रोमच्या सेंट पीटर चर्चच्या धर्तीवरील सेंट काजेतान चर्च असून त्याच्या आवारात आदिलशाही वाड्याचे द्वार उभे आहे. सु. ७६ मी. लांबीचे से कॅथीड्रल १५६२ मध्ये सुरू झाले. त्याच्या दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ मध्ये कोसळला. शेजारच्या सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चच्या मठात पुरातत्त्व संग्रहालय आहे.

बॉम जीझस बॅसिलिका (१५९४–१६०५) येथे सेंट फ्रान्सिस झेव्हिअर (मृ. १५५२) यांचा पार्थिव देह चांदीच्या पेटीत ठेवला आहे. पेटीखालील संगमरवरी चौथरा टस्कनीच्या ड्यूकने अर्पण केला. देहाचे सार्वजनिक दर्शन सामान्यतः दर दहा वर्षांनी होते. ते २०२४-२५ मध्ये झाले. समोरील टेकडीवरील सेंट ऑगस्टीन चर्चचा घुमट १८४२ मध्ये कोसळला व आज सु. ४६ मी. उंचीचा भग्न मनोरा शिल्लक आहे. तेथील उत्खननात सापडलेले अवशेष जॉर्जियाच्या राणी केतेवानचे असल्याचे जनुकीय तपासणीतून निष्पन्न झाले. २०२१ मध्ये त्यांतील काही अवशेष भारताने जॉर्जियास अर्पण केले.

या वास्तू मुख्यतः जांभ्या दगडाच्या आहेत. हा दगड सच्छिद्र असल्याने गोव्याच्या पावसात चुन्याचा गिलावा हेच त्याचे संरक्षण ठरते. बॅसिलिकेचा बाहेरील गिलावा १९५० च्या दशकात काढला गेला. लाल दगडी रूप लोकप्रिय झाले, तरी तेव्हापासून भिंती झिजत आहेत. गिलावा पुन्हा द्यावा की परिचित रूप कायम ठेवावे, हा तेथील जतनकार्यातील महत्त्वाचा प्रश्न आहे.