रक्तातला विळा

यशवंत तलावाकाठी टेकलाच आहात, तर ऐका. तोरणमाळच्या खालची ही सातपुड्याची खोरी पूर्वी हिवतापाचं माहेरघर. पावसाळा सरला की पाड्यापाड्यावर पोरं फणफणायची. काही उठायचीच नाहीत.

काही मात्र तगायची. कारण? त्यांच्या रक्तातली एक चूक! हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसलेलं. बस्स, एवढंच. आई किंवा बाप, एकाकडूनच ही चूक आली तर मलेरियाच्या जंतूचं फारसं फावत नाही. अँथनी अ‍ॅलिसन या डॉक्टरांनी हे १९५४ साली आफ्रिकेतल्या अभ्यासातून मांडलं. आपल्या भिल्ल-पावरा मुलखातही हीच चूक पिढ्यान् पिढ्या टिकली.

दोन्हीकडून आली, की घोळ. प्राणवायू कमी पडला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून दोरे होतात, गोल पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. मग हाडं अशी ठणकतात की धडधाकट गडी जमिनीवर लोळतो. निरोगी तांबडी पेशी १२० दिवस जगते. ही दोन-तीन आठवड्यांत फुटते. अंगात रक्त ठरत नाही, डोळे पिवळे पडतात. हाच सिकलसेलचा आजार, बोलीत ‘सिकल’.

“म्हणजे सगळं जनुकांचंच की, आजोबा!”

थांब रे. समज, दोघे भाऊ, दोघांनाही सिकल. एक गावात राहतो, भरपूर पाणी पितो, हायड्रॉक्सियुरियाची गोळी चुकवत नाही. दुसरा दिवाळीनंतर गुजरातला ऊसतोडीला जातो. भर उन्हात फड, रात्री कोपीत कडाका, पाणी बेताचं. मुकादमाची उचल फिटायची असते, म्हणून दुखलं तरी कोयता खाली ठेवता येत नाही. तहान, थंडी, ताप आणि थकवा यांनीच तर पेशी वाकायला लागतात! जनुक दोघांचं एकच. खाटेला कोण खिळणार?

आई-बाप दोघे वाहक, म्हणजे एकाकडूनच चूक आलेले, असले, तर दर बाळंतपणात मूल रुग्ण निघण्याची शक्यता चारांत एक. म्हणून सोयरिकीआधी तपासणी करावी. पण वाहक म्हणजे आजारी नव्हे. तरी ‘मुलीला सिकल आहे’ म्हणत लग्नं मोडतात. मुलाचं रक्त तपासायचं मात्र कुणाला सुचत नाही. मला याचा भारी राग येतो.

जुलै २०२३ मध्ये शेजारच्या मध्य प्रदेशात, शहडोलला, सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. त्याची मुदत २०४७. पहिली चाचणी सोपी: बोटातलं थेंबभर रक्त द्रावणात टाकायचं, नळीमागच्या काळ्या रेघा दिसेनाशा झाल्या, तर रक्तात सिकलची चूक आहे. वाहक की रुग्ण, ते मात्र इलेक्ट्रोफोरेसिससारखी पुढची चाचणी सांगते. तोवर नारळ परत करायची घाई कशाला?