डायनासोर खायचे काय? धार ते पिसदुरा

धरमपुरी नर्मदाकाठी, धार जिल्ह्यात. याच जिल्ह्याच्या बाग-कुक्षी भागातली टायटनोसॉरची ९२ घरटी आणि २५६ अंडी २०२३ मध्ये जगासमोर आली. पण अंड्यांवरून आहार कळत नाही. मला त्यासाठी मोलाचं वाटतं ते चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याचं, बहुधा टायटनोसॉरचंच, दगड झालेलं शेण (हो, शेणच!). २००५ साली त्यात गवताचे सिलिकाकण मिळाले, भाताच्या दूरच्या भाऊबंदांचेसुद्धा. तोवर गवत डायनासोरांनंतरच पसरलं, असा समज होता. सोबत ताडवर्गी आणि सूचिपर्णी झाडांचेही कण होते; म्हणजे समोर येईल ते खाणं. बदकचोचीच्या हॅड्रोसॉरच्या जबड्यात शेकडो दातांचं जातंच असायचं. टायटनोसॉरचे दात पेन्सिलीसारखे, पाला नुसता ओरबाडायचे. पचवायचं काम सगळं पोटावर.