विधिसंघर्षग्रस्त बालकांचे पुनर्वसन व सहभागाचे तत्त्व

प्रस्तावना : बालगुन्हेगारास शिक्षेऐवजी सुधारण्याची संधी द्यावी, हा विचार महाराष्ट्रास नवा नाही. मुंबई बाल अधिनियम १९२४ मध्येच संमत झाला होता. १५ जानेवारी २०१६ पासून लागू झालेला बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ एक पाऊल पुढे जातो. स्वतःविषयीच्या निर्णयप्रक्रियेत आपले म्हणणे मांडण्याचा व सहभागी होण्याचा हक्क कलम ३ बालकास देते.

सहभागाचे स्वरूप : वैयक्तिक काळजी आराखडा बालकाशी विचारविनिमय करून तयार करावयाचा असतो. बाल न्याय मंडळ समुपदेशन किंवा समाजसेवेचा आदेश देऊ शकते. लादलेला कार्यक्रम हजेरीपुरता उरतो. निवडीत वाटा मिळाल्यास तीच जबाबदारी बनते.

ग्रामीण संदर्भ : भंडारा जिल्ह्यातील कोंढ्यासारख्या गावात सर्वजण परस्परांस ओळखतात. कलम २४ दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता सामान्यतः दूर करते. परंतु कायद्याने पुसलेला शिक्का गाव सहजासहजी पुसत नाही.

निष्कर्ष : म्हणून बालकाचे नाव व प्रकरण गोपनीय राखून, पालक व शाळा यांना आराखड्यात प्रारंभापासूनच स्थान देणे आवश्यक आहे. परतणाऱ्या मुलास शाळेचे दार उघडे मिळणे, हीच पुनर्वसनाची खरी कसोटी होय.