जिम लावायची की घरीच व्यायाम?

आम्ही देवगाव रंगारीच्या बाया. व्यायामाचं नाव काढलं की आमच्यात पहिलं वाक्य ठरलेलं: “दिवसभर रानात राबतो, आणखी व्यायाम कशाला?”

पण खुरपणी असो की कापूस वेचणी, आपण तासन्‌तास वाकलेल्याच असतो. त्याच त्या स्नायूंवर ताण येतो, बाकीचे तसेच राहतात. मग कंबर धरते, गुडघे दुखतात.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालण्याएवढी हालचाल हवी आणि २ दिवस ताकदीचा व्यायाम हवा. पहिला हिशेब आपला रानातच भरतो. दुसरा राहून जातो.

तो घरीही होतो. खुर्चीवर हात न टेकता १० वेळा उठबस करा. भिंतीला हात टेकून जोर काढा. लिटरभर पाण्याची बाटली म्हणजे एक किलोचं वजन, ती उचला. दुखलं तर थांबा.

जिममध्ये वजन बेताबेताने वाढवता येतं, चूक दाखवणारं माणसू असतं. पण आधी विचारा: बायकांची वेळ वेगळी आहे का? शिकवणारी बाई आहे का? गाडीभाडं धरून महिन्याला किती पडेल? वर्षाचे पैसे एकदम भरू नका, महिनाभर जाऊन बघा.

बीपी, छातीत दुखणं किंवा दिवस गेलेले असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा.

आम्ही तर घरूनच सुरुवात केली. चौघी जमलो की कंटाळा येत नाही, खाडाही पडत नाही.